चौकटीच्या कडेला कोण?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी मी फोटोग्राफीच्या एकदिवसीय शिबिराला जाऊन बसले. ३२ वर्षं शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली मी, आणि आजूबाजूला सगळी विशी-पंचविशीतली मुलं. कोणाच्या गळ्यात भलामोठा कॅमेरा, कोणाच्या हातात नुसता मोबाइल. माझ्याकडेही मोबाइलच होता. मुलानं घेऊन दिलेला, आणि त्यात मी आजवर काढलेल्या प्रत्येक फोटोत कोणाचं तरी डोकं उडालेलं. शिबिराला जायचं कारण एवढंच.

शिकवणारे सर तरुण आणि उत्साही होते. त्यांनी पडद्यावर एक रिकामा चौकोन दाखवला आणि त्यावर दोन उभ्या, दोन आडव्या रेघा मारल्या. चौकोनाचे नऊ सारखे भाग झाले. म्हणाले, “फोटोतली महत्त्वाची गोष्ट मधोमध ठेवू नका. या रेघा जिथं एकमेकींना छेदतात, तिथं ठेवा. क्षितिज मध्यावर आणू नका. वरच्या नाहीतर खालच्या रेघेवर ठेवा.” मग एकेक सूचना येत गेली. माणूस ज्या दिशेला बघतोय, त्या दिशेला जागा मोकळी सोडा. लहान मुलाचा फोटो काढताना गुडघ्यावर बसा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला या. डोक्यातून विजेचा खांब उगवलेला नाही ना, ते पाहा. आणि शेवटची सूचना अशी, की बटण दाबण्याआधी एकदा चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवा. मधे काय आहे ते आपण बघतोच. चुका कडेला होतात.

मी वहीत सगळं उतरवून घेतलं आणि सवयीप्रमाणे हात वर केला. “सर, हा तीन भागांचा नियम केला कोणी?”

सर हसले. “काकू, तो आधीपासूनच आहे.”

आता गंमत पाहा. ‘आधीपासूनच आहे’ हे वाक्य इतिहासाच्या शिक्षकाला झोपू देत नाही. आधीपासून काहीच नसतं. प्रत्येक गोष्ट कोणीतरी, कधीतरी, काहीतरी अडचण आली म्हणून सुरू केलेली असते. तेव्हा आज मी तुम्हाला या चौकटीची गोष्ट सांगणार आहे, आणि तिच्या शेवटी आमच्या घरातल्या एका फोटोचीही.

हा नियम कॅमेऱ्याहून जुना आहे. इंग्लंडमध्ये जॉन थॉमस स्मिथ नावाचा एक चित्रकार होता. धातूच्या पत्र्यावर चित्रं कोरून ती छापणारा. १७९७ साली त्यानं खेड्यातल्या देखाव्यांवर एक पुस्तक काढलं. त्यात जुन्या, पडक्या झोपड्यांची २० चित्रं होती. ‘तीन भागांचा नियम’ हे शब्द त्या पुस्तकात आहेत. सर जोशुआ रेनॉल्ड्स या नामांकित चित्रकारानं चित्रातल्या उजेड-अंधाराच्या प्रमाणाबद्दल जे लिहिलं होतं, त्याचा धागा स्मिथनं पुढं ओढला. चित्रात दोन सारखे भाग समोरासमोर आले, की डोळा कोणाकडे जावं या पेचात पडतो. म्हणून एकाला मोठेपण द्या, दुसऱ्यानं त्याच्या हाताखाली राहावं. आकाश दोन भाग असेल तर जमीन एक भाग; नाहीतर उलट.

लक्षात घ्या, स्मिथ रेघांच्या छेदनबिंदूंबद्दल बोलत नव्हता. तो बोलत होता वाटणीबद्दल. चौकटीत कोणाला किती जागा मिळणार, एवढाच त्याचा प्रश्न होता. चार बिंदूंचं कोष्टक पुढच्या लोकांनी बसवलं आणि आज ते आपल्या मोबाइलच्या पडद्यावर बारीक रेघांच्या रूपानं उमटतं. मूळ प्रश्न मात्र मागं राहिला.

स्मिथनंतर चार दशकांनी कॅमेरा आला. पॅरिसमध्ये दागेरनं १८३८ साली आपल्या खिडकीतून रस्त्याचं एक चित्र घेतलं. वर्दळीचा रस्ता होता. गाड्या, घोडे, माणसं येत-जात होती. पण चित्रात रस्ता ओस पडलेला दिसतो. कारण त्या काळी चित्र उमटायला काही मिनिटं लागत, आणि जे हललं ते पुसलं गेलं. फक्त एका कोपऱ्यावर एक माणूस दिसतो. तो एक पाय उचलून बूट पॉलिश करून घेत उभा होता, म्हणून राहिला. त्याच्या पुढ्यात पॉलिश करणाराही अंधूक दिसतो. माणसाचा हा बहुधा पहिला फोटो, आणि त्या दोघांपैकी एकालाही आपला फोटो निघतोय याची कल्पना नव्हती.

म्हणजे पहिल्यापासूनच फोटोत कोण राहणार आणि कोण नाही, हे ठरत होतं. सुरुवातीला ते यंत्र ठरवायचं. स्थिर राहील तो राहील. म्हणून जुन्या स्टुडिओत माणसाच्या मानेमागे लोखंडी आधार लावत. आपले खापरपणजोबा फोटोत इतके करारी का दिसतात, त्याचं निम्मं उत्तर त्यांच्या स्वभावात असेल, पण निम्मं नक्की त्या लोखंडी आधारात आहे.

दुसरी अडचण रंगांची. जुन्या काचेच्या प्लेटांना निळा रंग फार लवकर दिसे आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळं निळं आकाश फोटोत पांढरंफटक पडे आणि ढग नाहीसे होत. तांबडी वस्तू काळी येई. जुन्या फोटोत बायकांच्या कपाळावरचं कुंकू काळं दिसतं, ते याच कारणानं. हा तांबड्याचा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

हरवलेल्या आकाशावर फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रेनं तोड काढली. १८५६-५७च्या सुमाराला त्यानं समुद्राची एक निगेटिव्ह आणि आकाशाची दुसरी निगेटिव्ह घेऊन, क्षितिजावर जोड बेमालूम बसवून एकच चित्र छापलं. इंग्लंडचा हेन्री पीच रॉबिन्सन त्याच्याही पुढं गेला. १८५८ साली त्यानं पाच निगेटिव्ह जोडून एक दृश्य रचलं. क्षयानं खंगत चाललेली तरुण मुलगी, उशाशी-पायथ्याशी घरच्या बायका, आणि खिडकीकडे तोंड करून पाठमोरा उभा असलेला पुरुष. लोक खवळले. चित्रकारानं मरण रंगवलेलं त्यांना चालत होतं, पण फोटो म्हणजे खरं, मग मरणाचा देखावा फोटोत कसा मांडता? राणी व्हिक्टोरियाचे यजमान प्रिन्स अल्बर्ट यांनी मात्र त्याची प्रत विकत घेतली. पुढं १८६९ साली रॉबिन्सननं फोटोतल्या रचनेवर पुस्तक लिहिलं आणि चित्रकारांचे नियम फोटोवाल्यांच्या हाती दिले. तो स्वतः मुळात चित्रकारच होता. आमच्या शिबिरातल्या वहीची पणजी म्हणजे हे पुस्तक, असं म्हणायला हरकत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं साहेबाच्या देशातलं. आपल्याकडे काय होतं? तर मंडळी, आपण फार मागं नव्हतो. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. हिंदुस्थानातली ती पहिली. कलकत्ता आणि मद्रासच्या सोसायट्या त्यानंतरच्या, १८५६च्या. मुंबईच्या सोसायटीत इंग्रज अधिकारी होते, तसे आपले डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. नारायण दाजी स्वतः चांगले फोटो काढत. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथं तयार झालेले हरिश्चंद्र चिंतामण हे आपल्याकडच्या पहिल्या व्यावसायिक फोटोग्राफरांपैकी एक. म्हणजे पावसात भिजत शिबिराला जाणारी मी काही नवीन करत नव्हते. मुंबईत हे शिकणं-शिकवणं १७० वर्षांमागे सुरू झालेलं आहे.

याच सोसायटीतल्या मंडळींमध्ये विल्यम जॉन्सन नावाचे गृहस्थ होते. त्यांनी मुंबईतल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या लोकांचे फोटो काढले आणि त्यांचे दोन खंड काढले, पहिला १८६३चा, दुसरा १८६६चा. दुसरा खंड महाराष्ट्रातल्या लोकांचा. पहिल्यांदा पाहताना वाटतं, काय सुंदर मांडणी! माणसं पुढं, मागं देऊळ, घर, झाडी. पण नीट पाहिलं की उजेडाची दिशा जुळत नाही. कारण माणसांचे फोटो वेगळे काढले होते, आणि मागचं दृश्य वेगळं. छापताना ती एकत्र बसवली. तुम्ही कुठं उभे होता याला महत्त्व नव्हतं. तुम्ही कुठं उभे राहायला हवे होता, हे चौकट करणारा ठरवत होता.

याच्या अगदी उलट एक फोटो आहे, तो तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. १० ऑक्टोबर १८८५, अमेरिकेतलं फिलाडेल्फिया, स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय. फोटोत तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. डावीकडे साडी नेसलेल्या आपल्या आनंदीबाई जोशी, मधे किमोनोतल्या जपानच्या केइ ओकामी, उजवीकडे सीरियाच्या सबात इस्लांबुली. आनंदीबाई तेव्हा अवघ्या २० वर्षांच्या. पुढच्या वर्षी, १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ला गेल्याही. हा फोटो मी वर्गात किती वर्षं दाखवला असेन! पण शिबिरानंतर पाहिला तेव्हा वेगळंच जाणवलं. चौकटीचे तीन भाग, आणि प्रत्येक भागात एक बाई. एकीला मोठं करून दुसरीला मागं ढकललेलं नाही. स्मिथचा नियम इथं मोडला आहे. कोणी कोणाच्या हाताखाली नाही. फोटो काढणाऱ्यानं एवढा विचार केला असेल असं मी म्हणत नाही. पण जागेची वाटणी अशीही करता येते, हे त्या फोटोत दिसतं खरं.

आता कडेविषयी. विसाव्या शतकात लहान कॅमेरे आले. फ्रान्सचे हेन्री कार्तिए-ब्रेसाँ हे त्यातले मोठे नाव. गांधीजींच्या अंत्ययात्रेचे त्यांचे फोटो प्रसिद्ध आहेत. ते तरुणपणी चित्रकला शिकले होते आणि त्यांचा कटाक्ष असे, की रचना काय ती बटण दाबतानाच व्हायला हवी. नंतर कात्री लावायची नाही. पण त्यांचा सगळ्यात गाजलेला फोटो, १९३२ सालचा, साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा, तो मात्र कापलेला आहे. कुंपणाच्या फळ्यांच्या फटीतून तो काढला होता आणि एक फळी मधे आली होती. तेवढा भाग त्यांना काढून टाकावा लागला.

यातून एक साधी गोष्ट कळते. फोटोला चौकट दोनदा पडते. एकदा कॅमेऱ्यात, आणि नंतर एकदा कापताना, छापताना, भिंतीवर लावताना. पहिली चौकट फोटोग्राफरची. दुसरी कोणाची, ते आपण सहसा विचारत नाही.

शिबिराहून घरी आले ती चारही कडांवरून नजर फिरवायची खोड लावून घेऊनच. कॅलेंडरच्या कडा पाहिल्या, लग्नाच्या अल्बमच्या पाहिल्या. मग ओटीवरच्या जुन्या ग्रुप फोटोसमोर उभी राहिले. आमच्या थोरल्या आजोबांच्या मुंजीचा फोटो आहे हा, १९१२ सालचा. जिल्ह्याच्या गावाहून फोटोग्राफर आणला होता म्हणतात. मधोमध खुर्च्यांवर पगड्या घातलेले पुरुष, मागं उभ्या बायका, पुढं सतरंजीवर पोरंटोरं. आणि अगदी डाव्या कडेला, खुर्चीला टेकून उभे असलेले तीन वर्षांचे माझे आजोबा. कान टोचलेले, अंगात जरीचा अंगरखा.

त्यांच्या खांद्यावर चार बोटं होती.

मी हा फोटो जन्मापासून बघते आहे. दर दिवाळीला त्याची काच मी पुसलेली आहे. पण ती चार बोटं मला कधी दिसली नव्हती. बोटं आहेत, पण हात नाही, बाई नाही, माणूस नाही. फोटो तिथं संपतो आणि पिवळट पुठ्ठ्याचा माउंट सुरू होतो.

दुसऱ्या दिवशी फ्रेम खाली उतरवली. मागच्या बारीक चुका उपटल्या, फळी काढली, फोटो जपून बाहेर घेतला. माउंटच्या खाली फोटो अजून चांगला दोन बोटं रुंद होता. आणि तिथं ती उभी होती. डोक्यावरून घेतलेलं लुगडं काळंभोर. मघाशी तांबड्या रंगाविषयी सांगितलं ना? १९१२ सालीही सर्रास वापरातल्या प्लेटांचं तेच होतं. ते काळं लुगडं काळं नव्हतं. ते तांबडं आलवण होतं. कपाळ मोकळं. आजोबांची विधवा आत्या.

आजोबांची आई त्यांच्या लहानपणीच गेली. “मला आत्यानं वाढवलं,” एवढं वाक्य त्यांच्या तोंडून आम्ही ऐकलं होतं. त्यापुढं कोणी काही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. विधवांना पुन्हा लग्न करायची मुभा देणारा कायदा १८५६चा. मुंबईत फोटोग्राफीचा वर्ग निघाला त्याच्या पुढच्याच वर्षीचा. महर्षी कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला तो १८९६ साली. पण आमच्या गावच्या वाड्यात १९१२ साली आत्या आलवणातच होती, आणि मुंजीसारख्या मंगलकार्यात तिनं पुढं यायची रीत नव्हती.

मग ती फोटोत आली कशी? कोणी लिहून ठेवलेलं नाही. मी आपली अंदाज बांधते. तीन वर्षांचं पोर एका जागी उभं राहत नसणार. हललं की चेहरा पुसणार. फोटोग्राफरनं विचारलं असेल, हा कोणाजवळ गप्प राहतो? आणि तिला बोलावलं असेल. फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, ताठ. ती एकटीच खाली, पोराकडे बघते आहे. पुढच्या रांगेतल्या दोन मुलांचे चेहरे हललेले आहेत. आजोबांचा चेहरा अगदी स्पष्ट आहे.

तेव्हा फोटोग्राफरनं तिला चौकटीबाहेर ठेवलं नव्हतं. त्यानं तिला पूर्ण, पायापर्यंत घेतलं होतं, तिच्या बाजूला थोडी जागाही सोडली होती. तिला झाकलं ते नंतर, घरच्यांनी. माउंट कापताना कोणीतरी माप दिलं असणार, इथपर्यंत. वाईट बुद्धीनं दिलं असेल असंही नाही. मंगल फोटो, ओटीवर लावायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर. चौकटीत कोणाला किती जागा, हा स्मिथचा प्रश्न. त्याचं उत्तर आमच्या घरानं एका पुठ्ठ्यानं दिलं होतं.

आणि आणखी एक. एवढ्या वर्षांच्या उजेडानं बाकीचा फोटो विटला आहे. पगड्या, दागिने, पणजोबांच्या मिशा, सगळं फिकट पिवळं. पुठ्ठ्याखालच्या पट्टीला मात्र उजेड लागला नाही. सगळ्यांत ताजी, सगळ्यांत ठळक राहिली आहे ती आत्या. तिच्या बोटांपाशी एक सरळ रेघ आहे. रेघेच्या एका बाजूला विटलेला फोटो, दुसऱ्या बाजूला जवळजवळ नवा.

आमच्या घराण्याची वंशावळ मी स्वतः नीट लिहून काढली आहे, सहा पिढ्यांची. जुन्या कागदात जे होतं तेच उतरवलं. त्यात मुलींची नावं नाहीत. इतिहासाची शिक्षिका असून मला ते खटकलं नव्हतं. आत्याचं नाव मला माहीत नाही, आणि आता विचारावं असं कोणी राहिलं नाही.

फोटो घेऊन मी बाजारपेठेतल्या फ्रेमवाल्याकडे गेले. तो माझा जुना विद्यार्थी. म्हटलं, नवा माउंट कर, पण खिडकी मोठी काप, फोटो कडेपर्यंत दिसला पाहिजे. त्यानं फोटो उजेडात धरला, मान तिरकी करून पाहिला.

“बाई, डावीकडे काळं फार येईल. फोटो एका बाजूला जड दिसेल.”

शिबिरातल्या सरांनीही हेच सांगितलं असतं. नियमानं तो बरोबर होता.

“दिसू दे,” मी म्हटलं.